ताबा आणि माया

नवराबायकोची ताटातूट झाली की झळ लागते ती लेकरांना. १८३६ साली इंग्लंडात जॉर्ज नॉर्टनने पत्नी कॅरोलिन हिच्यापासून तिन्ही मुले तोडली. तिथल्या कायद्याने मुले बापाची. आईला भेटीचासुद्धा हक्क नव्हता. कॅरोलिन लेखिका होती. तिने लेखणी झिजवली, आणि १८३९ साली कायदा झाला : सात वर्षांखालील मुलांचा ताबा आईला न्यायालयात मागता येऊ लागला. पण तिची मुले स्कॉटलंडात होती. तो कायदा तिथे लागू नव्हता. १८४२ साली धाकटा विल्यम घोड्यावरून पडला. आई पोहोचण्यापूर्वीच तो गेला.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहावे असे सांगितले, आणि मुलाचे हित सर्वांत मोठे मानले. ताबा हा शब्द मुळी शेताघराचा. लेकराला हवी असते ती माया, आणि तीही दोघांची.