राजकीय गाण्याचे पहिले समीक्षक

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात दोन तरुण रॅपरांवर गुन्हे दाखल झाले. त्यातल्या एकाच्या गाण्यात ‘पन्नास खोके’ होते, म्हणजे फुटलेल्या आमदारांनी पन्नास कोटी घेतल्याचा आरोप. पक्षाचे किंवा नेत्याचे नाव नव्हते. तरीही गाणे कुणाविषयी आहे हे तक्रार करणाऱ्यांना सांगावे लागले नाही. गाणे नीट ऐकून, त्याचा अर्थ लावून, तो अर्थ लेखी नोंदवण्याचे काम साहित्याच्या जगात समीक्षक करतो. इथे ते फिर्यादीने केले. हे आजचे नाही. मराठीत राजकीय आशयाच्या गाण्याला आणि नाटकाला सर्वांत बारकाईने वाचणारा वाचक गेली शंभर-सव्वाशे वर्षे सरकार हाच राहिला आहे, आणि त्याची किंमत सरकारपेक्षा समीक्षेने अधिक मोजली आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कथा विराटपर्वातली, म्हणजे आक्षेपाला वरवर जागा नाही. पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, संयमी युधिष्ठिर म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल, ही किल्ली प्रेक्षकांच्या हाती होती. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात या नाटकाची दखल सविस्तर येते: रूपक एकेक करून उलगडलेले, पुरुषांचे ताणलेले चेहरे आणि द्रौपदीची विनवणी ऐकताना स्त्रियांच्या डोळ्यांत आलेले पाणी. पुस्तक १९१० चे, आणि नाटकावर बंदी आली तीही १९१० मध्येच. हेतू शत्रूचा होता, पण प्रयोग, प्रेक्षक आणि रूपक या तिघांना एकत्र पाहणारी ती समीक्षा होती. असे लक्ष आपल्याकडच्या मित्रांनी क्वचितच दिले.

पुढे १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यावर बंदीही आली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड सभांतून गाजली आणि आजही आठवली जाते, ती बहुधा चळवळीची खूण म्हणून. तिच्या बांधणीकडे फारसे कुणी पाहत नाही. मुंबईला पोटासाठी आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो, हा लावणीचा घरचा विरह. ऐकणारा त्यात पुरता गुंतला की बेळगाव, कारवार, डांग यांची नावे येतात आणि तुटलेली मैना म्हणजे तुटलेला मुलूख होतो. मागणी भाषणातही होती. दुरावा मात्र चालीने आणि आकृतिबंधाने आणला. राजकारण शब्दांत शोधणाऱ्याला या गाण्याचा अर्धा भाग दिसतच नाही.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’च्या बाबतीत तर हा आंधळेपणा दोन्ही बाजूंनी झाला. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पहिला प्रयोग झाला आणि एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने ते थांबवले. मग कलावंतांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली. वाद पेटला तो नाना फडणवीसांच्या चित्रणावर. विरोधकांना इतिहास हवा होता, समर्थकांना लेखनस्वातंत्र्य. नाटकाचा राजकीय युक्तिवाद मात्र भास्कर चंदावरकरांच्या संगीतात होता: गाणाऱ्या ब्राह्मणांची डुलणारी भिंत, कीर्तनातून लावणीत सहज सरकणारे सूर, आणि अत्याचार चालू असताना न थांबणारे भजन. सत्ता स्वतःला पवित्र कशी करून घेते, ते तेंडुलकरांच्या संवादांइतकेच त्या ठेक्यानेही सांगितले. संगीताचे कौतुक झाले, नाही असे नाही. पण ते ‘रंगत’ म्हणून झाले, विचार म्हणून नव्हे.

यावर कुणी म्हणेल, राजकीय गाण्याला समीक्षक कशाला? ते गर्दीत जन्मते, गर्दीच त्याचा निकाल लावते. आंबेडकरी जलशांना कोणत्या मासिकाने मोठे केले? आक्षेप वजनदार आहे. पण गर्दी गाणे उचलते किंवा टाकते, कारण सांगत नाही. आणि न्यायालयात उभे राहण्याची पाळी येते तेव्हा, कारण कधी न सांगितल्यामुळे, गाण्याच्या बाजूने बोलायला शब्दच नसतात. माओवादी संबंधांच्या आरोपावरून अटक झालेल्या कबीर कला मंचाच्या कलावंतांना जामीन देताना, जानेवारी २०१३ मध्ये, सामाजिक अन्यायाविषयीची अशी मते अनेक राष्ट्रीय नेत्यांनी आणि विचारवंतांनीही मांडली आहेत, हे मुंबई उच्च न्यायालयाला नोंदवावे लागले. आदेश स्वागतार्हच होता, पण तोही गाण्यातल्या मतांपुरता.

दुसरा आक्षेप परिणामाचा. गाण्याने नेमके बदलले काय, ते दाखवा. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पावसाची आणि भूजलाची मोजणी होते, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची हे ठरते. तिथे कामाचा हिशेब आकड्यांत देता येतो. गाण्याकडे तसा ताळेबंद मागणारा माणूस चूक नाही, पण तो चुकीच्या विहिरीत पोहरा सोडतो आहे. गाण्याचे काम ऐकणाऱ्याला आपली तक्रार स्वतःच्या बोलीत ऐकवणे हे असते. ते साधले की फसले, हे चालीवरून आणि आवाजावरून तपासता येते. त्यासाठी निवडणुकीचा निकाल पाहावा लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक संगीताने हा प्रश्न टाळणे अवघड करून ठेवले आहे. मुंबईच्या ‘स्वदेशी’ गटाच्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये (२०१९) आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर गातात, खाली यंत्रावर रचलेला जड बेस असतो. आरेतल्या मेट्रो कारशेडचा वाद तेव्हा तापलेला होता, म्हणून बातम्या झाल्या. खरा प्रश्न ध्वनीचा आहे: जंगलाचा आवाज यंत्राच्या ठोक्यावर बसवल्यावर तो त्या ठोक्यावर स्वार होतो की त्याची सजावट बनतो? माझ्या मते तो स्वार होतो, कारण भोईरांच्या गाण्याने सुरुवातीलाच लय हातात घेतलेली असते आणि रॅप तिच्यामागून येतो. कुणाला उलट वाटेल. वाटावे, आणि त्यांनी ते लिहावे. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर वाजणारी भीमगीते तर याहून कितीतरी जास्त लोक ऐकतात, आणि त्यांची मराठी वर्तमानपत्रांतली चर्चा बहुतेक वेळा डेसिबलपाशी संपते. पुढच्या रॅपरवर गुन्हा दाखल होण्याआधी एखाद्या मराठी मासिकाने त्याच्या ठेक्यावर दोन पाने छापावीत.