रतनवाडी : प्रवरा जिथून निघते, त्या गावात वर्षाला एकच पीक का?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा म्हटलं की दोन चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे ऊस आणि साखर कारखाने, दुसरं म्हणजे पाथर्डी, कर्जत, जामखेडकडचा दुष्काळ. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, चार महिने ऊन दिसत नाही असाही एक पट्टा आहे. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, धुकं आणि सतत कोसळणारा पाऊस. रतनवाडी हे याच पट्ट्यातलं एक छोटं गाव.

इन्स्टाग्रामवर भंडारदऱ्याचे रील्स पाहिले असतील, तर रतनवाडी तुम्ही नक्की पाहिली आहे. दगडी अमृतेश्वर मंदिर, मागे रतनगड आणि समोर जलाशय. मात्र रीलमध्ये न दिसणारी गोष्ट अशी, की ज्या प्रवरेच्या पाण्यावर अर्ध्या जिल्ह्याचा ऊस उभा राहिला ती नदी याच गावाच्या डोक्यावरून निघते, आणि इथल्या बहुतेक शेतांत मात्र वर्षाला एकच पीक येतं. असं का? हेच समजून घेऊ.

गाव नेमकं कुठे आहे?

रतनवाडी भंडारदरा जलाशयाच्या वरच्या टोकाला, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर वसलं आहे. पाठीशी १,२९७ मीटर उंचीचा रतनगड. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) याच तालुक्याच्या हद्दीवर. गाव कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात येतं. हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं.

धरणाजवळच्या शेंडी गावातून जलाशयाच्या काठाकाठाने रस्ता रतनवाडीला येतो आणि पुढे साम्रद, घाटघरकडे जातो. पावसाळा सोडला तर जलाशयातून बोटीनेही इथे येता येतं. सरकारी कामं आणि बाजारहाट यासाठी जवळचं मोठं गाव म्हणजे राजूर. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही राजूरलाच आहे.

या भागात मुख्यतः महादेव कोळी समाजाची वस्ती आहे, काही ठिकाणी ठाकर समाजही आहे. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

इथली शेती कशी चालते?

पावसाळ्यात रतनवाडी-घाटघर पट्ट्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत वर्षभरात पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरवर समाधान मानावं लागतं. म्हणजे एकाच जिल्ह्यात आठ-नऊ पटींचा फरक!

एवढ्या पावसात टिकणारं पीक एकच, भात. त्याची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. रोपवाटिकेच्या तुकड्यावर झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण आणि वर मातीचा थर पसरून तो भाजला जातो. याला ‘राब’ म्हणतात. राब भाजल्याने तणाचं बी मरतं आणि राखेचं खत मिळतं. पाऊस सुरू झाला की तिथे बी पेरतात. तीन-चार आठवड्यांनी रोपं उपटायची, खाचरात चिखल करायचा आणि वाकून एकेक चूड लावत जायचं. ही ‘आवणी’. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी, मग झोडणी.

उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई आणि खुरासणी घेतली जाते. भातामध्ये सध्या इंद्रायणी सगळीकडे दिसतो, पण काळभात, रायभोग, आंबेमोहोर, जिरवेल अशी जुनी वाणंही तालुक्यात टिकून आहेत. ती टिकवण्यात याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचा मोठा वाटा आहे. ‘बीजमाता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राहीबाईंना २०२० सालचा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

चिखलणीसाठी लागणारा बैलही इथला खास आहे. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं डांगी जनावर. त्याच्या कातडीवर तेलकट थर असतो, त्यामुळे अंगावरून पाणी ओघळून जातं. खूर कठीण असल्याने खडकाळ वाटा आणि चिखल दोन्ही ते सोसतं. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं आणि चांगल्या वळूची चर्चा महिनाभर चालते.

मग पाणी जातं कुठे?

आता मुख्य प्रश्न. इतका पाऊस पडूनही दुसरं पीक का घेता येत नाही?

पहिलं कारण जमिनीत आहे. सह्याद्री हा काळ्या बेसॉल्ट खडकाचा बनलेला आहे. हा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. खडक कठीण, त्यावर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. त्यामुळे पाणी मुरण्याआधीच वाहून जातं. पावसाळ्यात जिकडे पाहावं तिकडे धबधबे दिसतात, त्याचा अर्थ हाच की पाणी इथे थांबत नाही. दिवाळीनंतर ओढे आटू लागतात आणि पश्चिम अकोल्यातल्या काही वाड्यांवर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते.

इंडोनेशियातल्या बाली बेटाशी तुलना केली तर हे लवकर समजेल. तिथेही डोंगरउतारावर अशीच पायऱ्यांची भातखाचरं आहेत. पण तिथल्या ज्वालामुखींची माती तुलनेने ताजी आणि खोल आहे. शिवाय डोंगरावरची सरोवरं आणि झरे यांतून बारमाही पाणी येतं. ते पाणी शेतकऱ्यांच्या ‘सुबाक’ नावाच्या मंडळांमार्फत वरच्या खाचरापासून खालच्या खाचरापर्यंत पाळीपाळीने वाटलं जातं. ही पद्धत सुमारे हजार वर्षं जुनी आहे आणि २०१२ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथे वर्षाला दोन पिकं निघतात, ती या बारमाही पाण्यामुळे आणि वाटपामुळे. रतनवाडीत खाचरं आहेत, पाऊसही आहे, पण पावसाळ्यानंतर खाचरापर्यंत पोहोचणारं पाणी नाही.

दुसरं कारण धरण. उतारावरून वाहणारं हे सगळं पाणी खाली अडवलं जातं. भंडारदरा धरण इंग्रजांच्या काळात बांधलं गेलं आणि १९२६ साली पूर्ण झालं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन डॅम म्हणून ओळखलं जातं. उंची सुमारे ८२ मीटर, साठवण क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे ११ टीएमसी.

धरणातून सोडलेलं पाणी नदीतून संगमनेर तालुक्यातल्या ओझर बंधाऱ्यापर्यंत जातं. तिथून डाव्या आणि उजव्या कालव्याने ते संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या भागांत पोहोचतं. याच लाभक्षेत्रात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने देशातल्या सहकारी साखर कारखानदारीची पायाभरणी झाली. प्रवरा कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला.

पुढे खाली निळवंडे धरण झालं. त्याची क्षमता ८,३२० दशलक्ष घनफूट आहे आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये झालं. १८२ दुष्काळी गावांना पाणी देणं हा त्यामागचा उद्देश. शिवाय जायकवाडीत साठा कमी असला तर समन्यायी वाटपाच्या नियमानुसार वरच्या धरणांतून मराठवाड्यासाठीही पाणी सोडावं लागतं. म्हणजे रतनगडावर पडलेला थेंब संगमनेरच्या डाळिंबापासून पैठणच्या नाथसागरापर्यंत कुठेही पोहोचू शकतो.

फक्त तो रतनवाडीच्या खाचरात परत येत नाही. कारण साधं आहे. कालवा धरणाच्या खालच्या बाजूला निघतो आणि रतनवाडी धरणाच्या वरच्या बाजूला आहे. अकोले तालुक्यासाठी निळवंड्यातून उच्चस्तरीय कालवे काढले गेले, तेही इथून खूप खाली. जलाशयातून पाणी वर उचलायचं तर मोटार, पाइपलाइन, वीजबिल आणि जलसंपदा विभागाची परवानगी लागते. काही गुंठ्यांच्या खाचरांना हा खर्च झेपत नाही.

विजेचंही असंच. शेजारच्या घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. घाटमाथ्यावरचं पाणी खाली ठाणे जिल्ह्यात चोंढ्याला सोडून वीज तयार होते आणि मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवलं जातं. पाणी डोंगर चढू शकतं, हे इथल्या लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलंय.

एक पीक निघाल्यावर लोक काय करतात?

भात घरात आला की अनेक कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात. जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव हे त्यांचं मोठं ठिकाण. टोमॅटो, द्राक्षं आणि भाजीपाल्याच्या मळ्यांवर तिथे काम मिळतं. काही जण संगमनेरच्या बाजूला जातात. ज्या बागायतीवर ही माणसं राबतात, त्यातल्या काही मळ्यांना पाणी त्यांच्याच डोंगरातून आलेलं असतं.

गावात राहणाऱ्यांना जंगलाचा आधार असतो. उन्हाळ्यात हिरडा गोळा केला जातो. तो कातडी कमावण्यासाठी आणि आयुर्वेदिक औषधांसाठी विकला जातो. त्याशिवाय करवंदं, जांभळं, मोहाची फुलं. पण भाव व्यापाऱ्याच्या हातात आणि हंगाम काही आठवड्यांचा.

पर्यटनाने काय बदललं?

अमृतेश्वर मंदिर हजारेक वर्षं जुनं मानलं जातं. लोक त्याला ‘हेमाडपंती’ म्हणतात, पण हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, आणि या मंदिराचं शिखर भूमिज शैलीचं आहे. जवळच कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती असलेली देखणी पुष्करणी आहे. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढतं आणि पिंड पाण्याखाली जाते. प्रवरेला ‘अमृतवाहिनी’ म्हणतात, ते समुद्रमंथनातल्या अमृताच्या कथेवरून. त्याच कथेतल्या मोहिनीचं, म्हणजे मोहिनीराजाचं, मंदिर नदीच्या दुसऱ्या टोकाला नेवाशात आहे. पुढे प्रवरासंगमला नदी गोदावरीला मिळते.

मंदिर, रतनगडाचं नेढं, साम्रदची सांदण दरी आणि मे अखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत दिसणारे काजवे, यामुळे इथे वर्षभर गर्दी असते. त्यातून घरगुती जेवण, तंबू, वाटाड्या अशी नवी कामं मिळाली. मजुरीला बाहेर जायचं की गावातच थांबायचं, हा निर्णय काही तरुणांसाठी आता या गर्दीवर ठरतो.

पण गर्दीचे तोटेही इथेच उरतात. काजवे एकमेकांना प्रकाशाने खुणावतात. गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे फ्लॅश यांनी त्यात अडथळा येतो. त्यांच्या अळ्या जमिनीवर वाढतात, त्या पायांखाली चिरडल्या जातात. शिवाय पर्यटनाचा पैसा गावात किती राहतो आणि बाहेरून आलेल्या व्यावसायिकांकडे किती जातो, हा प्रश्न आहेच. याच तालुक्यातल्या पुरुषवाडीने यावर एक उत्तर शोधलं. तिथे पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात, त्यांच्याकडेच जेवतात आणि काम घराघरांत वाटलं जातं.

पुढे काय होऊ शकतं?

रतनवाडीला दुसरं पीक मिळवून द्यायला मोठं धरण लागणार नाही. उतारावर छोटे बंधारे, झऱ्यांची जपणूक, खडकात शेततळी आणि चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून सौर पंपावर चालवलेला उपसा, एवढ्यावरही भातानंतर हरभरा, वाल किंवा भाजी निघू शकते. ११ टीएमसीच्या साठ्यात हे पाणी नगण्य ठरेल. पण वाटपाच्या चर्चेत नाव येतं ते खालच्या तालुक्यांचं, कारण कालवे, कारखाने आणि मतं तिकडे आहेत.

पुढच्या वेळी भंडारदऱ्याला जाल तेव्हा काही गोष्टी लक्षात ठेवा. मुक्काम आणि जेवण गावातल्याच घरी घ्या. गडावर जाताना स्थानिक वाटाड्या सोबत ठेवा. काजवे बघताना गाडीचे दिवे बंद करा आणि ठरलेल्या वाटेवरूनच चाला. पुष्करणीत उतरू नका, फोटोसाठी भाताच्या खाचरात पाय टाकू नका. त्या खाचरात गावाचं वर्षभराचं धान्य उभं असतं.