राज्यकाळ : १९४७ ते ?

दिवसभर ऑफिसात बग सोडवायचे आणि रात्री विकिपीडियावर राजेमहाराजांची पानं दुरुस्त करायची, हा माझा उद्योग. पानाच्या माहितीचौकटीत ‘राज्यकाळ’ असा रकाना असतो. दोन वर्षं टाकायची, बस्स. कोल्हापूरच्या छत्रपती शहाजी महाराजांच्या पानावर मी तिथेच अडकलो.

ते आधी देवास थोरल्या पातीचे राजे. १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर आले. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. मी ‘१९४७–१९४९’ लिहिलं. सकाळी बघतो तर कुणीतरी ‘१९४७–१९८३’ केलेलं, म्हणजे थेट निधनापर्यंत. मी बदल उलटवला. रात्री पुन्हा तेच.

चिडून वाचत बसलो. विलीनीकरणानंतरही राजांची पदवी आणि तनखा चालूच होता. १९७० मध्ये सरकारने त्यांची मान्यता काढली, सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. शेवटी १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने सगळंच संपलं. म्हणजे मधली बावीस वर्षं राज्य नव्हतं, पण कायद्याच्या लेखी राजा होता! कोड असता तर म्हणालो असतो, डेटा मॉडेलच गंडलंय.

चर्चापानावर लिहिलं, “राज्यकाळ १९४९ पर्यंतच. १९७१ पर्यंतची पदवी वेगळ्या ओळीत देऊ.”

उत्तर आलं, “द्या. पण आमच्या घरात ते शेवटपर्यंत महाराजच होते.”

खोटं नव्हतंच ते. पण संदर्भ म्हणून काय जोडणार?