शतरंज : हराम, ऐषआराम की इल्म?

मे २०२५ मध्ये अफगाणिस्तानातल्या तालिबान राजवटीने बुद्धिबळ बेमुदत बंद केल्याची बातमी आली. कारण दिलं होतं जुगाराचं. त्या संध्याकाळी माझ्या भाच्याचा फोन आला. बारा वर्षांचा आहे. सुट्टीतल्या बुद्धिबळाच्या शिबिराला जाऊ लागला होता आणि खेळाने त्याला चांगलंच धरलं होतं.

"मामू, बुद्धिबळ हराम आहे का?"

विचारलं, कोण म्हणालं? तर शिबिरातल्या एका मुलाने मोबाइलवर बातमी दाखवून म्हटलं होतं, "तुमच्यात हे चालत नाही ना?" आणि घरी आल्यावर त्याच्या दादीने तीच बातमी ऐकून पट उचलून कपाटावर ठेवला होता. एकाच पोराला दोन बाजूंनी शह. मी मुफ्ती नाही, त्यामुळे फतवा देणं माझं काम नाही. पण या खेळाचा आणि आपला इतिहास काय आहे, एवढं तरी त्या पोराला सांगायला हवं, असं वाटलं. हा लेख त्या फोनचं लांबलेलं उत्तर आहे.

मुसलमान आणि शतरंज म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यासमोर येतात. एक बंदी घालणाऱ्या मौलवीचं. दुसरं प्रेमचंदांच्या गोष्टीतल्या आणि सत्यजित राय यांच्या १९७७च्या सिनेमातल्या नवाबांचं. तिकडे अवधचं राज्य जातंय आणि इकडे मिर्झासाहेब आणि मीरसाहेब पटावर वाकलेत. एका चित्रात खेळ पाप, दुसऱ्यात खेळ ऐदीपणा. या दोन चित्रांच्या मध्ये हजार-बाराशे वर्षांचा तिसरा इतिहास आहे. तो शिकणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचा आहे.

आपल्या बोलण्यातला पट

सुरुवात मराठीपासूनच करू. वर्तमानपत्रं रोज 'शह-काटशहाचं राजकारण' लिहितात. कुणी संकटावर 'मात' करतो, कुणी 'बाजी' मारतो, कुणाचं 'प्यादं' केलं जातं. शह म्हणजे फारसी शाह, राजा. 'शाह मात' म्हणजे राजा संपला. प्यादे म्हणजे पायदळातला शिपाई. बाजी म्हणजे खेळ. वजीर तर सरळच आहे. त्यांच्याच शेजारी हत्ती, घोडा, उंट आपापल्या देशी नावांनी उभे आहेत. पटावरची ही पंगत मिश्र आहे आणि मराठी माणसाला त्यात काही खटकत नाही.

खेळ मूळचा इथला. उत्तर हिंदुस्थानातला 'चतुरंग' साधारण सहाव्या शतकात इराणला पोचला आणि 'चतरंग' झाला. फिरदौसीच्या शाहनाम्यात हिंदी राजाने नौशेरवानच्या दरबारात कोडं म्हणून पट पाठवल्याची कथा आहे. पुढे अरबांनी इराण जिंकला. अरबीत 'च' आणि 'ग' नाहीत, म्हणून चतरंगचं शतरंज झालं. तिथून खेळ स्पेनमार्गे युरोपात गेला. कास्टिलचा राजा अल्फान्सो दहावा याने १२८३ मध्ये खेळांवर एक सचित्र ग्रंथ तयार करवून घेतला. त्यातल्या एका चित्रात एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती तंबूत समोरासमोर बसून डाव मांडताना दिसतात. बाहेर सीमेवर लढाया चालू होत्या, त्या काळातलं हे चित्र आहे.

बगदादचे उस्ताद

नवव्या-दहाव्या शतकातल्या बगदादमध्ये हा खेळ इल्म म्हणून उभा राहिला. तेव्हाची शतरंज आजच्यापेक्षा संथ होती. वजीर तिरका एकच घर चालायचा. फील, म्हणजे हत्ती, तिरकी दोन घरं उडी मारायचा. प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरांची मुभा नव्हती, किल्लेकोट नव्हता. दोन्ही फौजा भिडायलाच वेळ लागायचा. मग खेळाडू आधी आपापली व्यूहरचना करून घेत. तिला 'ताबिया' म्हणत. हा शब्द आजही जगभरचे बुद्धिबळपटू ठरलेल्या सुरुवातीच्या स्थितीसाठी वापरतात. रचून ठेवलेल्या कोड्यांना 'मन्सूबा' म्हणत. 'चार चालींत मात करा' अशी जी कोडी मासिकांतून येतात, त्यांची ही पणजी.

खलिफा अल-मुतवक्किलच्या (८४७-८६१) काळात अल-अदली नावाचा उस्ताद होता. त्याने शतरंजवर पुस्तक लिहिलं आणि खेळाडूंची दर्जावार वर्गवारी केली. सगळ्यांत वरचे ते 'आलिया'. खालच्या दर्जाच्या खेळाडूशी खेळताना वरच्याने आपलं एखादं मोहरं आधीच पटावरून काढून ठेवायचं. फरक जितका मोठा, तितकं मोठं मोहरं. मला हा नियम फार आवडतो. नवख्या माणसाला चिरडून हाकलून देण्याऐवजी त्याच्याशी बरोबरीचा डाव कसा होईल, याची सोय हजार वर्षांपूर्वी केलेली होती.

त्यानंतर आला अबू बक्र अस-सूली. हा इतिहासकार, साहित्यिक, मोठ्या ग्रंथसंग्रहाचा मालक. खलिफा अल-मुक्तफीच्या (९०२-९०८) दरबारात तेव्हा अल-मावर्दी नावाचा खेळाडू लाडका होता. 'मावर्दी' म्हणजे गुलाबपाणीवाला. डाव लागला तेव्हा खलिफा उघडपणे त्याच्या बाजूने होता. तरी सूलीने त्याला असं हरवलं, की खलिफाने गुलाबपाण्याचं काय झालं यावर एक अगदी दरबारबाह्य शेरा मारला. सूली पुढे तीन खलिफांच्या सहवासात राहिला. त्यातला अर-राजी तर त्याचा शिष्य. इतिहासकार अल-मसऊदी सांगतो, की एकदा अर-राजी फुललेल्या बागेत उभा होता. सोबतचे लोक बागेची तारीफ करत होते. तो म्हणाला, सूलीचा खेळ याहून सुंदर आहे.

सूलीने एक मन्सूबा रचला होता. मोजकीच मोहरी, पण सुटता सुटत नसे. आपण ज्यांना शिकवलं त्यांच्याखेरीज जगात कुणाला तो येत नाही, असं त्याने लिहून ठेवलं. तो उलगडायला विसाव्या शतकातला सोव्हिएत ग्रँडमास्टर युरी आवरबाख लागला. मध्ये हजार वर्षं गेली होती. 'सूलीचा हिरा' म्हणून बुद्धिबळाच्या जगात तो आजही ओळखला जातो. स्वतः सूली मात्र राजकारणाच्या उलथापालथीत बसरा इथे लपून राहत असताना वारला.

फासा की चाल?

मग धर्माचं काय? प्रश्न तेव्हाही होता आणि तो आजच्यापेक्षा बारकाईने चर्चिला जात होता. कुराणात जुगार निषिद्ध आहे, यावर दुमत नाही. फाशांवर चालणाऱ्या 'नर्द' या खेळाला हदीसमध्ये मनाई आहे. शतरंजमध्ये फासा नाही. मग तिला कुठे बसवायचं? हनफी, मालिकी आणि हंबली फकीहांनी बहुतांशी विरोधात मत दिलं. इमाम शाफई (मृत्यू ८२०) यांच्या मजहबात तिला मकरूह, म्हणजे नापसंत पण हराम नव्हे, असं मानलं गेलं. अट अशी, की पैज नको, नमाज चुकायला नको, तोंडात शिवीगाळ नको. आपल्या कोकणातले मुसलमान शाफईच आहेत, तर घाटावरचे बहुतेक हनफी. म्हणजे महाराष्ट्रातच या प्रश्नाला दोन उत्तरं मिळू शकतात. त्याहून जुनं उदाहरण म्हणजे सईद बिन जुबैर. आठव्या शतकाच्या सुरुवातीला हज्जाजने ठार मारलेले हे ताबिई पटाकडे पाठ करून शतरंज खेळत, अशी रिवायत आहे.

मसऊदीने या दोन खेळांबद्दल एक मार्मिक मत नोंदवलं आहे. शतरंज रचणारा माणूस इच्छास्वातंत्र्य मानणारा मुअतजिली असला पाहिजे, आणि नर्द रचणारा सगळं नशिबावर सोडणारा जबरी. कुठला खेळ निवडता, यावरून माणूस आपल्या कृत्यांची जबाबदारी घेतो की नाही ते दिसतं, असा त्याचा रोख. आज खेळ विकत घेताना आपण खोक्यावरचं वय आणि किंमत बघतो. दहाव्या शतकात त्यावर इल्म-ए-कलामचा वाद झडत होता!

मूर्तीचा आक्षेपही होता. कारागिरांनी त्यावर तोड काढली. मोहऱ्यांना हत्ती-घोड्यांचे आकार न देता नुसते गोलसर, खुणेपुरते आकार दिले. इराणमधल्या निशापूरचा बाराव्या शतकातला असा एक संच न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये आहे.

अलीकडच्या बंद्यांचंही तेच. इराणमध्ये १९७९च्या क्रांतीनंतर बुद्धिबळ बंद झालं. १९८८ मध्ये खुद्द खोमेनींनी जुगार नसेल तर चालेल म्हणून ते खुलं केलं. सौदीच्या मुख्य मुफ्तींनी खेळ निषिद्ध असल्याचं सांगितल्याची बातमी २०१६ च्या सुरुवातीला जगभर गाजली. पुढच्याच वर्षी रियाधमध्ये जलद बुद्धिबळाची जागतिक स्पर्धा झाली आणि ती आपल्या विश्वनाथन आनंदने जिंकली. तेव्हा एका राजवटीचा हुकूम म्हणजे सगळा इस्लाम, हे समीकरण इतिहासात टिकत नाही.

नियम बदलले तरी

माझे अब्बा मिरजेत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पुठ्ठ्यावर आखलेला पट निघायचा. मी त्यांच्याकडूनच शिकलो, आणि शिकलो ते देशी नियम. राजाला शह बसण्याआधी एकदा घोड्याची चाल करता येते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्या घराचं जे मोहरं असेल तेच होतं, कोपऱ्यात पोचलं तर हत्ती, शेजारच्या घरात घोडा. कॉलेजच्या पहिल्या स्पर्धेत समोरच्याने राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवले. मी हरकत घेतली, तर आजूबाजूचे हसले. बारा-तेरा चालींत हरलो. घरी येऊन अब्बांना सांगितलं, तर ते म्हणाले, "हरलास ते ठीक. पण त्याला ती चाल पुन्हा करून दाखव म्हणालास का?" मी म्हणालो नव्हतो.

नंतर मीर सुलतान खान यांच्याबद्दल वाचलं तेव्हा अब्बांचं ते वाक्य आठवलं. पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचा हा माणूस वडिलांकडून देशी नियमांनीच शिकला. जमीनदार सर उमर हयात खान टिवाणा यांनी त्याला आश्रय देऊन युरोपीय नियम शिकवले. १९२८ मध्ये तो दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा जिंकला, १९२९ मध्ये लंडनला गेला. तिथल्या पहिल्या सराव स्पर्धेत त्याचं चाललं नाही. सुरुवातीच्या चालींचं पुस्तकी ज्ञान त्याच्याकडे नव्हतं. विंटर आणि येट्स या इंग्रज खेळाडूंनी त्याच्याकडून तयारी करून घेतली. त्याच वर्षी तो ब्रिटिश विजेता झाला, मग १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. सर उमर यांच्याच घरातली फातिमा १९३३ मध्ये ब्रिटिश महिला विजेती ठरली. तिचं नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

१९३३ च्या अखेरीस सुलतान खान परतले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डाव खेळले. नऊ जिंकले, एक बरोबरीत. त्यानंतर स्पर्धांतून ते जवळजवळ दिसेनासेच झाले आणि १९६६ मध्ये सरगोध्यात वारले. पाश्चात्य लेखकांनी त्यांना 'निरक्षर नोकर' म्हणून रंगवलं. ते नोकरही नव्हते आणि अडाणीही नव्हते, असं त्यांच्या नातीने ठामपणे लिहिलं आहे. शिकून जिंकणाऱ्या माणसाला 'दैवी देणगी लाभलेला अडाणी' म्हटलं, की त्याने घेतलेली मेहनत पुसली जाते. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

ते एकटेही नव्हते. मद्रासच्या गुलाम कासिम यांनी कॉक्रेन या इंग्रजासोबत एका गँबिटवर लिहिलेलं पुस्तक १८२९ मध्ये छापलं गेलं. त्याआधी १८१४ मध्ये आपल्या मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद निघाला, तोही युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेल्या बुद्धिबळाचाच. शास्त्रीबुवा आणि गुलाम कासिम, दोघेही परक्यांचे नियम शिकून घेत होते आणि परक्यांना काही शिकवतही होते.

कपाटावरचा पट

मी भाच्याला फोनवर एवढं सगळं सांगितलं नाही. शाफईंच्या तीन अटी सांगितल्या आणि म्हटलं, कुठलाही छंद लावून घेताना त्या तपासून बघ, मोबाइलवरच्या गेमलाही. पैसा लागलाय का? ज्या वेळी जे करायचं ते राहून जातंय का? हरल्यावर तोंड सुटतंय का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर दादीशी बोलायला तुझ्याकडे मुद्दा आहे. आमच्या घराण्याचा मजहब हनफी, म्हणून मशिदीतल्या इमामसाहेबांनाही अदबीने विचार, हेही सांगितलं.

पुढच्या रविवारी मी बहिणीकडे गेलो. दादी, म्हणजे तिच्या सासूबाई, सगळं ऐकून घेत होत्या. सूलीचं, सईद बिन जुबैर यांचं, फातिमाचं. शेवटी म्हणाल्या, "असरची अजान झाली की उठायचं. डाव अर्धा असला तरी." भाचा स्टुलावर चढून पट काढू लागला. मी हात धुऊन आलो तोवर मोहरी लावून झाली होती. मी माझा वजीर उचलून बाजूला ठेवला. तो म्हणाला, "मामू, हे काय?" म्हटलं, बगदादचा रिवाज आहे. तू हरवलंस की पुढच्या डावाला परत घेईन.

अजान झाली तेव्हा तो एका घोड्याने पुढे होता. पट तसाच ठेवून उठला.