पक्षाघात आणि मेंदूचे वैद्य



पक्षाघात हा शब्द उच्चारला कीं आपल्या घरांतून अजूनहि आवाज खालीं येतो. हात लुळा पडला, तोंड वांकडें झालें, वाचा गेली. मग तेलाचें मर्दन, मग खाटेवरचीं वर्षें, आणि शेवटीं 'त्यांचे भोग' असा निकाल. या रोग्याच्या उशाशीं मेंदूचा तज्ज्ञ डॉक्टर केव्हां येऊन उभा राहिला, आणि आल्यावर त्याच्या हातीं कांहीं उपाय यावयास किती काळ लोटला, ती हकीकत आज सांगावयाची आहे. ती बहुतांशीं इंग्लंडची आहे, कारण मज्जातंतूंच्या रोग्यांसाठीं वेगळें इस्पितळ काढण्याचा मोठा उद्योग तेथें लंडनमध्यें झाला.

रोगाचें कारण तसें बरेंच आधीं कळलें होतें. स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर या वैद्यानें अशा आघातानें मेलेल्या माणसांचीं शवें तपासलीं व मेंदूंत रक्तस्राव झाल्यानें हा आघात होतो, असें १६५८ सालीं ग्रंथ लिहून दाखविलें. शिरेंत रक्ताची गुठळी अडकूनहि तोच परिणाम होतो, हें पुढें स्पष्ट झालें. परंतु हें सर्व ज्ञान मेलेल्यांपासून मिळालेलें, आणि जिवंत रोग्याला त्याचा उपयोग पुढें दोन शतकें जवळजवळ शून्य.

लंडनमध्यें जोहाना चँडलर, लुइसा व एडवर्ड अशीं तीन पोरकीं भावंडें आजीजवळ वाढलीं. त्या आजीला पक्षाघात झाला. तिची सेवा करतांना या भावंडांना दिसून आलें कीं, असा रोगी मोठमोठ्या इस्पितळांना नकोसा असतो. ताप असेल तर तो उतरतो, जखम असेल तर ती भरते. पण हा रोगी बराहि होत नाहीं आणि खाटहि सोडीत नाहीं. भावंडांनीं मणी व शिंपल्या ओवून दागिने केले, ते विकून दोनशें पौंड जमविले आणि लंडनचे लॉर्ड मेयर डेव्हिड वायर यांचेकडे गेलीं. वायर यांना स्वतःलाच पक्षाघाताचा अनुभव होता, त्यामुळें फारसें समजावून सांगावें लागलें नसावें! २ नोव्हेंबर १८५९ रोजीं मॅन्शन हाउसमध्यें सभा भरली, आणि १८६० सालीं क्वीन स्क्वेअर या चौकांतील एका घरांत स्त्रियांसाठीं आठ खाटांचें इस्पितळ उघडलें. पक्षाघात व अपस्मार यांच्या रोग्यांना आराम देणारें व बरें करणारें राष्ट्रीय इस्पितळ, असा त्याच्या नांवाचा अर्थ होता. त्यांतील 'बरें करणारें' हे शब्द त्या वेळीं धाडसाचे होते.

या इस्पितळास पहिले वैद्य लाभले त्यांत मॉरिशस बेटांत जन्मलेले ब्राउन-सेकार हे एक होते. १८६२ सालीं यॉर्कशायरचे तरुण जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन तेथें आले. यांच्याविषयीं अशी गोष्ट सांगतात कीं, प्रवासासाठीं पुस्तक घेतलें कीं पुठ्ठे फाडून टाकावे, पुस्तकाचे दोन तुकडे करावे आणि दोन खिशांत घालावे. आमच्यासारख्या शाळामास्तरांना हें ऐकूनच घाम फुटेल. पण रोग्याकडे पाहतांना हेच गृहस्थ विलक्षण धीराचे होते. कांहीं रोग्यांचे झटके अंगठ्यापासून सुरू होतात, तेथून हातांत, दंडांत, मग चेहऱ्यांत पसरतात, आणि हा क्रम पुनःपुन्हां तोच असतो, हें त्यांनीं टिपलें. त्यावरून त्यांनीं अनुमान काढलें कीं, मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या भागांची एक मांडणी असलीच पाहिजे. बर्लिनमध्यें फ्रिट्श व हिट्झिग यांनीं १८७० सालीं कुत्र्यांच्या मेंदूवर विजेचा प्रयोग करून याला पुरावा दिला. उजवें अंग आणि वाचा एकाच वेळीं कां जाते, याचा उलगडाहि त्याच काळचा; वाणीचें ठिकाण मेंदूच्या डाव्या बाजूस असतें, ही गोष्ट पॅरिसच्या ब्रोका यांच्या १८६१ पासूनच्या निरीक्षणांतून निघाली.

जॅक्सन यांच्या मागून विल्यम गॉवर्स आले. त्यांना लघुलिपीचें वेड होतें. रोग्याचें म्हणणें ते लघुलिपींत उतरून घेत आणि इतर डॉक्टरांनीं ती शिकावी म्हणून मागें लागत. १८८६ ते १८८८ या काळांत निघालेला त्यांचा मज्जारोगांवरील ग्रंथ पिढ्यान्पिढ्या वाचला गेला. रोग कोठें आहे, आणि तो कोणत्या जातीचा आहे, हे दोन प्रश्न निरनिराळे ठेवून विचारावयाचे, ही या पंथाची शिस्त. साधनें म्हणाल तर गुडघ्यावर मारावयाची हातोडी, टांचणी, नादकांटा आणि डोळ्याच्या आंत पाहण्याचें यंत्र, एवढींच.

एवढ्यावर काय साधतें, तें १८८७ सालीं दिसलें. एका सैनिकी अधिकाऱ्याचे दोन्ही पाय गेले होते आणि पाठींत असह्य वेदना होत्या. अनेकांचे उपाय थकल्यावर गॉवर्स यांनीं तपासून सांगितलें कीं, पाठीच्या कण्यांत अमुक उंचीवर गांठ आहे. ९ जूनला व्हिक्टर हॉर्सली यांनीं कणा उघडला. प्रथम कांहींच दिसेना! आणखी थोडें हाड वरच्या अंगास काढलें, तेव्हां गांठ सांपडली. तो रोगी पुढें चालूं लागला. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या निदानाची थोरवी कळेल.

तथापि ज्या रोगाच्या दुःखांतून इस्पितळ निघालें, त्या पक्षाघाताला यांतून काय मिळालें? आघात मेंदूंत कोठें झाला हें वैद्य अचूक सांगत. पुढें काय, याला उत्तर नव्हतें. ज्ञान जसजसें सूक्ष्म झालें, तसतशी तज्ज्ञांची आवड दुर्मिळ व नवलाच्या रोगांकडे वळली आणि पक्षाघाताचा म्हातारा रोगी सामान्य दालनाच्या कोपऱ्यांत गेला. मला वाटतें, या इतिहासांतील ही सर्वांत खेदाची गोष्ट आहे. व्यवस्थाहि तशीच होती. इंग्लंडच्या धर्मादाय इस्पितळांतील मोठे डॉक्टर, ज्यांना तेथें कन्सल्टंट म्हणतात, ते मानद असत. इस्पितळांत विनावेतन येत आणि चरितार्थ खासगी रोग्यांवर चालवीत. ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि कन्सल्टंट हा पगारी अधिकारी बनला.

कोपऱ्यांतल्या रोग्याकडे प्रथम पाहिलें तें मज्जातज्ज्ञ नव्हे अशा एका बाईंनीं. १९३५ सालीं वेस्ट मिडलसेक्स इस्पितळानें शेजारचा गरिबांचा दवाखाना ताब्यांत घेतला. तेथील ७१४ रोगी डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे आले. बरेच जण वर्षानुवर्षें अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांत पक्षाघाताचे पुष्कळ. वॉरेनबाईंनीं एकेकाला तपासलें, वेगवेगळें केलें, दालनांना नवा रंग दिला, उजेड आणला आणि रोग्यांना खाटेवरून उठविलें. पुष्कळ रोगी चालूं लागले, कांहीं घरींहि परतले. यांत औषध असें फारसें नव्हतेंच. कोणीतरी ठरवून त्यांच्याकडे लक्ष दिलें, एवढेंच.

आपल्याकडे हें शास्त्र याच परंपरेंतून आलें. डॉ. नोशीर वाडिया यांनीं लंडनमध्यें रसेल ब्रेन यांच्या हाताखालीं शिक्षण घेतलें आणि १९५७ सालीं मुंबईस परतून ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयांत मज्जारोगांचा विभाग उभारला. ब्रेन म्हणजे मेंदू. आडनांवहि शोभेसें होतें!

पुढचें पाऊल अनपेक्षित दिशेनें पडलें. ज्यांच्या तबकड्या आपण ग्रामोफोनवर ऐकल्या, त्या इ. एम. आय. कंपनींतील अभियंता गॉडफ्रे हौन्सफील्ड यांनीं क्ष-किरण व गणकयंत्र यांची सांगड घातली. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या विंबल्डन भागांतील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले इस्पितळांत जिवंत माणसाच्या मेंदूचें छेदचित्र प्रथम निघालें. आघात रक्तस्रावाचा कीं गुठळीचा, हें आतां शवाची वाट न पाहतां कळूं लागलें. हा भेद जीवनमरणाचा आहे, कारण गुठळी विरघळविणारें औषध रक्तस्रावाच्या रोग्याला दिलें तर तें घातक ठरेल.

तें औषध उपयोगी पडतें, हें अमेरिकेंतील प्रयोगानें १९९५ सालीं सिद्ध झालें. अट एवढीच कीं आघातापासून तीन तासांच्या आंत तें शिरेंत गेलें पाहिजे. २००८ सालच्या युरोपांतील प्रयोगानें ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. धोकाहि लपविलेला नाहीं. अमेरिकेच्या त्या प्रयोगांत औषध घेतलेल्यांपैकीं शेंकडा ६.४ रोग्यांच्या मेंदूंत गंभीर रक्तस्राव झाला, न घेतलेल्यांत तो शेंकडा ०.६ होता. तरीहि पंगुत्व टळलेल्यांची संख्या इतकी भरली कीं औषध मान्य झालें. मोठी शीर तुंबली असतां मिनिटाला सुमारें एकोणीस लक्ष मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ सालीं मांडण्यांत आला. म्हणून कन्सल्टंट आतां पहिला प्रश्न नाडीचा किंवा जिभेचा विचारीत नाहीं. रोगी शेवटचा धडधाकट केव्हां दिसला, हें विचारतो. याचें उत्तर घरच्या माणसांपाशींच असतें. मालिश करण्यांत आणि सकाळपर्यंत वाट पाहण्यांत तास गेले, तर त्या तज्ज्ञाचे हात पुन्हां जॅक्सन-गॉवर्सच्या काळाइतकेच रिकामे राहतात.

औषधाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट १९९३ सालीं अनेक प्रयोगांची बेरीज करून दिसली. पक्षाघाताचे रोगी एका वेगळ्या दालनांत, त्याच कामाचे डॉक्टर, परिचारिका, व्यायाम व वाणी शिकविणारे यांच्या हातीं ठेवले, तर मृत्यु कमी होतात. वॉरेनबाईंची रीत आकड्यांनीं खरी ठरली! लंडननें हें मनावर घेऊन २०१० सालीं सुमारें तीस इस्पितळांत विखुरलेली तातडीची सेवा आठ केंद्रांत एकवटली. जवळचें इस्पितळ ओलांडून रोग्याची गाडी लांब कां न्यावी, असा आक्षेप निघाला आणि तो साहजिकच होता. परंतु पुढच्या पाहणींत लंडनमधील मृत्यूंचें प्रमाण इतर भागांपेक्षां अधिक घटलेलें आढळलें.

मांडींतील धमनींतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढण्याची क्रिया २०१५ च्या सुमारास प्रयोगांनीं सिद्ध झाली, आणि निवडक रोग्यांत ती चोवीस तासांपर्यंत उपयोगी पडते हें २०१८ सालीं कळलें. रात्रपाळीचा कन्सल्टंट आतां कित्येकदां घरूनच छेदचित्र पडद्यावर पाहतो, दूरध्वनीवरून औषधाचा निर्णय देतो, आणि सकाळीं दालनांत जाऊन रोग्याला हात उचलावयास सांगतो.