घोरण्यापासून निदानापर्यंत : निद्राश्वासरोधाच्या लक्षणांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
झोपेत घोरणे हा समाजात थट्टेचा विषय राहिला आहे. घोरणाऱ्यास कुंभकर्ण म्हणणे आणि दिवसा डुलक्या घेणाऱ्यास आळशी ठरविणे, एवढ्यावरच त्याची दखल थांबते. वास्तविक ही दोन्ही एकाच विकाराची लक्षणे असू शकतात. या विकारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो. श्वास दहा सेकंद वा अधिक काळ थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो व मेंदू क्षणभर जागा होतो. ही लक्षणे ओळखण्यास एवढा विलंब का झाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्राचीन नोंदी :
सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल व्यक्तीच्या लक्षणांत क्षुद्रश्वास, अतिनिद्रा व 'क्रथन' यांचा उल्लेख येतो. टीकापरंपरेत क्रथन म्हणजे एकाएकी उच्छ्वास अडणे असा अर्थ केला जातो. यावरून आधुनिक निदान तेव्हाच झाले होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु लक्षणांचा हा समूह वैद्यांच्या नजरेत आला होता, हे निश्चित.

आधुनिक वाटचाल :
चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' (१८३६-३७) या कादंबरीतील जो हा स्थूल नोकर उभ्याउभ्या झोपी जातो. १९५६ मध्ये बर्वेल व सहकाऱ्यांनी त्यावरून 'पिकविकियन सिंड्रोम' हे नाव रूढ केले. मात्र दिवसाच्या झोपेचे कारण त्यांनी रक्तात साठणाऱ्या कर्बवायूत शोधले; रात्रीच्या श्वासाकडे लक्ष गेले नाही. १९६५ मध्ये फ्रान्समध्ये गास्तो व जर्मनीत युंग आणि कूलो यांच्या गटांनी झोपलेल्या रुग्णांचे आलेख घेतले, तेव्हा श्वास वारंवार थांबतो हे उघड झाले. १९७६ मध्ये गिलेमिनो व सहकाऱ्यांनी या विकारास स्वतंत्र ओळख दिली. १९८१ मध्ये सिडनी येथे कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सतत दाब देणारी उपचारपद्धती मांडली.

भारतीय संदर्भ :
मुंबईतील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३५ ते ६५ वयोगटातील ६५८ शहरी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार सुमारे १९.५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वासदोष, तर ७.५ टक्के पुरुषांत त्यासोबत दिवसा झोपाळूपणा असल्याचा अंदाज आहे. या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील १९९३ च्या अभ्यासात मात्र ९ टक्के स्त्रियांतही हा श्वासदोष आढळला होता. स्त्रियांत तो अनेकदा थकवा, निद्रानाश वा सकाळची डोकेदुखी या रूपांत दिसत असल्याने सहज निसटतो.

खान्देशच्या दृष्टीने विचार करता धुळे, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर या मार्गाने जाणाऱ्या महामार्गावर (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) मालमोटारींची रात्रंदिवस वर्दळ असते. चालकाच्या डोळ्यांवरची झापड ही केवळ जागरणाची खूण नसून आजाराची असू शकते. अशा वेळी चहा व तंबाखू हे उपाय ठरत नाहीत.

लक्षणांची ओळख :
मोठ्याने घोरणे, मध्येच शांतता पसरून धापेसह श्वास सुरू होणे, रात्री वारंवार लघवीस उठणे, सकाळी तोंड कोरडे पडणे, विस्मरण व आटोक्यात न येणारा रक्तदाब ही प्रमुख लक्षणे होत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टॉप-बँग' प्रश्नावलीत वय, वजन व मानेचा घेर यांसह आठ बाबी तपासल्या जातात. निश्चित निदान मात्र निद्रा-तपासणीनेच होते. सडपातळ व्यक्तीसही हा विकार होऊ शकतो.

निष्कर्ष :
या विकाराचा मुख्य साक्षीदार स्वतः रुग्ण नसतो. उन्हाळ्यात धाब्यावर शेजारी झोपलेले आप्त किंवा घरातील पत्नी हेच श्वास थांबल्याचे पाहतात. वैद्यकाला आलेखयंत्राने १९६५ मध्ये जे दाखविले, ते घरातील माणसे त्याआधीही ऐकत होती. परंतु त्यांना कोणी विचारले नाही. म्हणून रुग्णाच्या इतिहासात घरच्यांच्या साक्षीस स्थान देणे आणि वर्गात अथवा कार्यालयात पेंगणाऱ्यास दोष देण्यापूर्वी त्याच्या रात्रीची चौकशी करणे अगत्याचे आहे.