यंत्राची घोकंपट्टी

लेख निम्माअधिक टाइप झालेला असतो, सेव्ह करायचं राहून गेलेलं असतं आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. संगणक पुन्हा चालू करावा तर पान कोरं. मग घरातलं एखादं जाणतं पोर सांगतं, की ते सगळं रॅममध्ये होतं, डिस्कवर गेलंच नव्हतं. डिस्क ही कायमची साठवण. रॅम म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली कामापुरती स्मृती. चालू असलेला प्रोग्राम, त्याला लागणारे आकडे, आत्ता टाइप केलेली ओळ, सगळा मुक्काम तिथे. पण वीज गेली की रॅम का विसरते, हे सहसा कुणी सांगत नाही. खरं म्हणजे रॅम वीज असतानाही विसरतच असते. विसरायच्या आत तिच्याकडून तेच तेच पुन्हा वदवून घेतलं जातं, इतकंच. त्यात मधली वीसेक वर्षं अशी होऊन गेली, की लाइट गेली तरी संगणकाची स्मृती शाबूत राहायची. ती आपण जाणूनबुजून सोडली.

सुरुवात एनिॲक या संगणकापासून करू. १९४६ साली फिलाडेल्फियात जगापुढे आलेल्या या यंत्रात जुन्या रेडिओत असत तसे सतरा हजारांवर व्हॉल्व्ह होते आणि एवढ्या पसाऱ्यात गणित करता करता लक्षात राहायच्या त्या दहा-दहा आकडी फक्त वीस संख्या. नवं गणित घालायचं म्हणजे तारा उपसून दुसरीकडे खोचायच्या. त्यात दिवसच्या दिवस जात. हे करणाऱ्यांनाच त्याचा कंटाळा आधी आला. एनिॲक पुरा व्हायच्या आतच त्यांच्यात बोलणं सुरू झालं होतं, की यंत्राला द्यायच्या सूचनाही आकड्यांच्याच रूपात आत ठेवाव्यात. आजचा प्रत्येक मोबाइल याच कल्पनेवर चालतो. मात्र सूचना ठेवायच्या तर हजारो बिटना जागा हवी. बिट म्हणजे शून्य किंवा एक, याहून जास्त काही नाही; पण तेवढं लक्षात ठेवायलाही व्हॉल्व्हची जोडी लागायची. हजारो जोड्या परवडायच्या कुणाला?

एनिॲकच्या दोन कर्त्यांपैकी एक, प्रेस्पर एकर्ट, याने तोड काढली ती रडारच्या कामातून. रडारच्या पडद्यावर डोंगर, इमारती, विमान सगळंच एकदम दिसतं. हलणारं तेवढं वेगळं काढायचं तर आधीचा प्रतिध्वनी क्षणभर धरून ठेवायचा आणि नव्यातून वजा करायचा. हे धरून ठेवण्याचं काम पाऱ्याने भरलेली नळी करी. नळीच्या एका टोकाला क्वार्ट्झचा स्फटिक. त्याला विजेचा ठोका दिला की तो थरथरतो आणि पाऱ्यातून ध्वनीची लहर निघते. पाऱ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४५० मीटर, तेव्हा दीडेक मीटरची नळी पार करायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. विजेच्या हिशेबात हा भलताच मोठा काळ. दुसऱ्या टोकाचा स्फटिक लहरीची पुन्हा वीज करतो. तोवर ठोका क्षीण आणि वेडावाकडा झालेला असतो. त्याला ताजा करून परत पहिल्या टोकाला सोडायचं. ठोका आला तर एक, नाही आला तर शून्य. पाढे घोकणारं पोर बोलायचं थांबलं की विसरतं, तशातली गत.

केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी वर्गांचा तक्ता करून दाखवला, तो याच पाऱ्याच्या जोरावर. एका नळीत ५७६ बिट गरगरत असत. एक अडचण अशी, की हवा असलेला आकडा नळीच्या मध्यावर असला तर तो टोकाला येईपर्यंत यंत्राने हात चोळत बसायचं. दुसरी अडचण तापमानाची. पारा गरम झाला की ध्वनीचा वेग बदलतो आणि सगळं वेळापत्रक कोलमडतं. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी यावर पाऱ्याऐवजी जिन भरायची सूचना केली होती. सूचना वाटते तितकी चावट नाही. पाणी आणि अल्कोहोल योग्य प्रमाणात मिसळलं तर त्या मिश्रणात ध्वनीचा वेग तापमानाने फारसा बदलत नाही. तरी कुणी ती मनावर घेतली नाही, हे बरंच झालं म्हणायचं. स्मृती रोज थोडी थोडी कमी होत गेली असती.

मँचेस्टरला फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी दुसरा मार्ग धरला: टीव्हीसारखी पिक्चर ट्यूब. पडद्यावर ३२ ओळी, ओळीत ३२ ठिपके, म्हणजे १,०२४ बिट. २१ जून १९४८ रोजी, एडसॅकच्याही आधी, त्यांच्या छोट्या यंत्राने स्मृतीत ठेवलेला प्रोग्राम चालवून दाखवला. इथे किरण हव्या त्या ठिपक्यावर थेट नेता येई, वाट बघणं नाही. कुठल्याही पत्त्यावर सारख्याच वेळात पोचता येणं हा जो रॅमचा गुण, तो या ट्यूबमधला. पण ठिपक्यातला विद्युतभार क्षणात ओसरून जाई. त्यामुळे घोकणं इथेही सुटलं नाही.

सुटलं ते अमेरिकेत. एमआयटीत व्हर्लविंड नावाचा संगणक बांधला जात होता आणि तो हवाई संरक्षणासाठी वापरायचं ठरत होतं. शत्रूची विमानं येत असताना संगणक विसरला, ही सबब चालणार नव्हती. जे फॉरेस्टर त्या प्रकल्पाचे प्रमुख. त्यांच्या यंत्रातल्या स्मृतीच्या ट्यूब महाग आणि अल्पायुषी निघाल्या. १९४९ साली त्यांच्या नजरेला एका चुंबकीय पदार्थाची जाहिरात पडली आणि त्यांनी चुंबकाच्या कड्यांवर प्रयोग सुरू केले.

कड्याचं चुंबकत्व दोनच दिशांना असू शकतं: घड्याळाच्या काट्याबरोबर किंवा उलट. एक दिशा शून्य, दुसरी एक. एकदा दिशा लावली की वीज गेली तरी ती तशीच राहते. ती ओळखायची कशी, हा मात्र पेच होता. तो हार्वर्डला शांघायहून आलेल्या ॲन वांग या तरुण संशोधकाने त्याआधीच सोडवला होता. कड्यात काय आहे हे कळायला त्याला जबरदस्तीने शून्याकडे ढकलून बघावं लागतं. ते पालटलं तर आत एक होता. ढिम्म राहिलं तर शून्यच होता. म्हणजे वाचलं की पुसलं गेलं. वांग यांनी बराच काळ डोकं खाजवलं आणि १९४८ साली त्यांच्या ध्यानात आलं, की पुसेना का! काय होतं ते तर आपल्याला कळलंय, पुन्हा लिहू. मला या सगळ्या कुळकथेत हा क्षण सर्वांत आवडतो. यंत्राची अडचण दूर न करताच प्रश्न मिटला.

फॉरेस्टर यांचं डोकं जाळी विणण्यात चाललं. प्रत्येक कड्याला स्वतंत्र तारा द्यायच्या तर तारांचं जंगल होईल. पण फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कड्याचा एक स्वभाव असतो: ठरावीक प्रवाहाच्या अर्ध्याने ते हलत नाही, पूर्ण मिळाला तरच पालटतं. मग ३२ आडव्या आणि ३२ उभ्या तारा घ्या आणि जिथे त्या छेदतात तिथे एकेक कडं ओवा. एका आडव्या तारेत अर्धा प्रवाह, एका उभ्या तारेत अर्धा. दोन्ही अर्धे जिथे एकत्र येतात ते एकच कडं पालटतं, बाकीची जागची हलत नाहीत. चौसष्ट तारांत १,०२४ बिट. शिवाय सगळ्या कड्यांतून फिरलेली आणखी एक तार असते. कडं पालटलं की तिच्यात बारीक ठोका उमटतो, तेच वाचन. ऑगस्ट १९५३ मध्ये ही कोअर, म्हणजे कड्यांची, स्मृती व्हर्लविंडवर चढली आणि पुढची वीसेक वर्षं तिचंच राज्य होतं.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो संगणक बांधला गेला, त्याचीही स्मृती फेराइटच्या कड्यांचीच. जगात ही विद्या येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती. संगणक १९६० साली कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं. त्यात ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. हिशेब केला तर ८१,९२० बिट, आणि प्रत्येकाला एक कडं. २,०४८ हा आकडा ओबडधोबड वाटतो, पण पत्तेही शून्य-एकनेच लिहायचे असतात आणि अकरा बिटांत बरोबर इतकेच पत्ते बसतात. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या संगणकातही कामापुरती स्मृती २,०४८ शब्दांचीच होती, फक्त शब्द आखूड. त्याचे कायमचे प्रोग्राम तर शब्दशः विणलेले होते. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समधल्या रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका हे विणत. प्रोग्राममध्ये चूक निघाली तर विणलेलं उसवण्यावाचून गत्यंतर नसे.

कोअर स्मृती चिवट किती, ते १९८६ साली कळलं. चॅलेंजर हे अवकाशयान कोसळल्यावर समुद्राच्या तळातून काढलेल्या त्याच्या संगणकांत अखेरच्या क्षणीचं जे होतं, ते नंतर वाचता आलं.

मग ती गेली कुठे? भावात गेली. कडी अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली आली, तरी प्रत्येकातून तारा जायलाच हव्यात, आणि ते काम मुख्यतः बायकाच सूक्ष्मदर्शकाखाली करत. बिट दुप्पट करायचे तर विणणंही दुप्पट. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर एवढ्यात बिट बसवला. कपॅसिटरमध्ये भार असला तर एक, नसला तर शून्य. हे सिलिकॉनवर हजारोंनी एकदम छापता येतं. १९७० साली इंटेलने ११०३ ही १,०२४ बिटांची चिप बाजारात आणली आणि कोअरचे दिवस भरले. ११०३ मधला भार झिरपून जाई, म्हणून दर दोन मिलिसेकंदांनी सगळं पुन्हा लिहावं लागे. म्हणजे पाऱ्याच्या नळीतली घोकंपट्टी परत आली, आणि वाचलं की पुसतं हा कड्याचा दोषही डेनार्ड यांच्या बिटाबरोबर आला. आजच्या रॅममध्येही साधारण दर ६४ मिलिसेकंदांत एकदा प्रत्येक बिट ताजा करतात. आठ जीबीच्या रॅममध्ये असे बिट सुमारे ६,८७० कोटी. वीज तोडली की घोकणारं कुणी उरत नाही.

लाइट गेली तरी न विसरणारी आणि तरीही चपळ अशी स्मृती परत आणायचे प्रयत्न अधूनमधून होतात. इंटेलने २०१७ साली ऑप्टेन आणली. ती रॅमपेक्षा संथ आणि एसएसडी या कायमच्या साठवणीपेक्षा महाग पडली, गिऱ्हाईक बेताचंच मिळालं आणि २०२२ साली कंपनीने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं.